कॉर्टिसॉल वाढलंय, ट्रेनर पेप्टाइड घ्या म्हणतो. घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, राहायला कांदिवली, नोकरी सीप्झला. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे रात्री दीड-दोनपर्यंत कॉल चालतात. वर्षभर झोप धड नाही, चिडचिड होते, पोट सुटतंय, रविवारी दुपारीसुद्धा अंगात जोर नसतो. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचं फुल बॉडी पॅकेज केलं, त्यात सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे ज्याला ताणाचं हार्मोन म्हणतात ते, २१.६ आलं. लॅबची मर्यादा ६.२ ते १९.४, म्हणून आकडा लाल. जिमच्या ट्रेनरने तीन महिन्यांचा पेप्टाइडचा कोर्स सुचवला आहे: सेलँकचा नाकात मारायचा स्प्रे, रात्री इपामोरेलिनचं इंजेक्शन, जोडीला बीपीसी-१५७. स्ट्रेस जाईल, कॉर्टिसॉल खाली येईल, पोट उतरेल असं त्याचं म्हणणं. आणि प्रश्नाच्या शेवटी सहज जोडलेली ओळ: केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी चालू आहे.

माझं उत्तर नाही असं आहे. पण नुसतं नाही म्हटलं तर तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी विचाराल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी हार्मोनचा डॉक्टर आहे आणि हल्ली आठवड्याला निदान एक तरी माणूस असा लाल आकडा घेऊन दादरच्या ओपीडीत येतो.

आधी तो आकडा बघू. कॉर्टिसॉल दिवसभर एकसारखं नसतं. मध्यरात्रीच्या सुमारास ते तळाला असतं, पहाटेपासून चढायला लागतं आणि जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी मारतं. शरीराला अंथरुणातून उठवायचं कामच ते करतं. सकाळी साडेआठच्या चर्चगेट फास्टला गर्दी दिसली म्हणून रेल्वेत काही बिघडलंय असं कुणी म्हणत नाही. तुम्ही दोनला झोपलात, पावणेसातला रक्त न्यायला आलेल्या मुलाने बेल वाजवली, तुम्ही धडपडत उठलात, सुई बघून थोडे टरकलात. या सगळ्यानंतर २१.६ आलं नसतं तरच नवल. कित्येक लॅबची वरची मर्यादा २५ च्या आसपास असते. तिथे रक्त दिलं असतं तर हाच आकडा काळ्या अक्षरात छापून आला असता आणि तुम्ही तो वाचलाही नसता.

त्यात बायोटिन. केसांच्या गोळ्यांमध्ये ते बरेचदा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे रोजच्या गरजेच्या शेकडो पट. बऱ्याच लॅबमधल्या यंत्रांची हार्मोन मोजायची पद्धत बायोटिनच्याच रसायनावर बेतलेली असते, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की कॉर्टिसॉल खोटं जास्त दिसू शकतं. थायरॉइडचे आकडेही भलतीकडे जातात. पुन्हा तपासणी करायची झाली तर दोन-तीन दिवस आधी ती गोळी बंद ठेवा आणि लॅबवाल्याला तसं सांगा. तो स्वतःहून विचारत नाही. (गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांचंही एकूण कॉर्टिसॉल वाढलेलं दिसतं, कारण कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं. त्यांना उगाच घाबरवलं जातं.)

कॉर्टिसॉल खरंच रोग म्हणावा इतकं वाढलंय का हे शोधायला सकाळचं एकटं कॉर्टिसॉल आम्ही वापरतच नाही. त्यासाठी तीन तपासण्या आहेत: रात्री उशिराची लाळ, २४ तासांची लघवी आणि डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळीची चाचणी. तुम्ही रात्रपाळीसारखं जगता, त्यामुळे लाळेची चाचणी तुमच्यात फसवी ठरते. गरज वाटलीच तर मी तिसरी करेन. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घ्यायच्या, सकाळी ८ ला रक्त द्यायचं. निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल त्यानंतर १.८ च्या खाली जातं, कारण बाहेरून स्टेरॉइड आलंय हे मेंदूला कळतं आणि तो कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला थांबवतो. पण ही चाचणीसुद्धा मी सरसकट करत नाही. पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, नुसतं टेकलं तरी उमटणारे काळेनिळे डाग, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणं, चेहरा गोल आणि लाल होणं, कमी वयात बीपी आणि शुगर एकदम बिघडणं, यातलं काही असेल तर करतो. तुम्ही लिहिलेल्यात नुसतं पोट आहे, आणि सुटलेलं पोट मुंबईत चाळिशीतल्या कितीतरी पुरुषांना आहे.

दुसरं असं, की 'स्ट्रेस म्हणजे कॉर्टिसॉल जास्त' हे समीकरण रीलमध्ये ठीक आहे. ताण नवा असतो तेव्हा कॉर्टिसॉल वाढतं हे खरं. पण ताण महिनोन्‌महिने चालला की बऱ्याच जणांत ते उलट नेहमीपेक्षा खाली गेलेलं सापडतं, आणि काहींत दिवसाचा चढउतारच सपाट होतो. म्हणजे वर्षभर पिचलेल्या माणसाचं कॉर्टिसॉल आणखी खाली ढकलायचं हे उद्दिष्टच मुळात कुणी आणि कशावरून ठरवलं, हा प्रश्न ट्रेनरला विचारून बघा. याच थकव्याला दुसऱ्या टोकाचे लोक 'अ‍ॅड्रिनल दमली आहे' म्हणतात आणि कॉर्टिसॉल वाढवायची पुडकी विकतात. वैद्यकशास्त्रात असं निदान नाही.

आता पेप्टाइड. या शब्दाला बिचकायचं कारण नाही. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, हाडं ठिसूळ झालेल्यांना देतात ते टेरिपॅराटाइड ३४ चं, सध्या वजनासाठी गाजत असलेलं सेमाग्लुटाइडही त्याच जातीचं. मी स्वतः दिवसभर पेप्टाइडच लिहून देत असतो. तेव्हा माझा आक्षेप पेप्टाइडवर नाही. कुठलं, कशासाठी आणि कुणी तपासलेलं, एवढंच मला विचारायचं आहे.

गंमत अशी की ताणाचा निरोप मेंदूतून खाली येतो तोही पेप्टाइडच्याच रूपात. मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच सोडतो, ४१ अमिनो आम्लांचं. ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला टोचतं, ती एसीटीएच सोडते, ३९ चं. ते रक्तातून मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचतं आणि तिथे कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल तयार होतं. कॉर्टिसॉल स्वतः स्टेरॉइड आहे. ते पुरेसं झालं की मेंदूला जाऊन सांगतं, बास आता.

ही साखळी वरच तोडावी ही कल्पना औषध कंपन्यांना सुचली नसेल असं वाटतं का? सीआरएचची रचना १९८१ मध्ये कळली आणि त्यानंतर नामांकित कंपन्यांनी तो निरोप अडवणारी औषधं नैराश्यासाठी, चिंतेसाठी बनवून पाहिली. पैसा ओतला, माणसांवर चाचण्या केल्या, आणि तिथे ती बहुतेक आपटली. त्या कुळातलं क्रिनेसरफाँट नावाचं औषध अखेर डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते जन्मजात अ‍ॅड्रिनल दोषासाठी, स्ट्रेससाठी नव्हे. शिवाय ते पेप्टाइडही नाही, साधी कॅप्सूल आहे.

कॉर्टिसॉल खरोखर खाली आणणारं, रीतसर तपासलेलं पेप्टाइड आहे. त्याचं नाव पासिरिओटाइड. पिट्युटरीत एसीटीएच ओकणारी गाठ असते त्या कुशिंगच्या, म्हणजे कॉर्टिसॉल खरंच रोग म्हणावा इतकं वाढलेल्या, रुग्णांसाठी ते २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याच्या मोठ्या चाचणीतल्या १६२ रुग्णांपैकी ११८ जणांना साखर वाढल्याचा त्रास झाला. जीवघेणी गाठ असेल आणि ऑपरेशन जमत नसेल किंवा करूनही भागलं नसेल, तर हा सौदा परवडतो. सीप्झच्या कॉलमुळे झोप उडाली म्हणून कुणी ते देणार नाही. तुमच्या यादीत ते नाहीच, आणि यादीत जे आहे त्यातल्या एकाचंही कॉर्टिसॉलवरचं काम या तोडीने तपासलेलं नाही.

यादीतलं इपामोरेलिन मला सगळ्यांत मजेशीर वाटतं. हे पाच अमिनो आम्लांचं पेप्टाइड पिट्युटरीला ग्रोथ हार्मोन सोडायला लावतं. त्याच्या आधीची त्याच घरातली पेप्टाइडं, जीएचआरपी-६ आणि जीएचआरपी-२, ग्रोथ हार्मोनबरोबर एसीटीएच आणि कॉर्टिसॉलही वाढवत. १९९८ मध्ये इपामोरेलिनवरचा शोधनिबंध आला, त्यात डुकरांवरच्या प्रयोगात ते कॉर्टिसॉल फारसं वाढवत नाही असं दिसलं. मूळ दावा एवढाच: वाढवत नाही. जिमपर्यंत येता येता त्याचं 'कमी करतं' झालं. पुढे पोटाच्या ऑपरेशननंतर मंदावलेली आतडी लवकर चालू व्हावीत म्हणून ते माणसांवर तपासलं, तिथे उपयोग दिसला नाही. आणि जिमच्या बाजारात कुपीवर एक नाव असून आत त्याचा थोरला भाऊ असेल तर? मग तुम्ही कॉर्टिसॉल उतरवायला ते वाढवणारं इंजेक्शन घेत असाल. शिवाय ग्रोथ हार्मोन साखर वाढवतं. तुमचं पोट सुटतंय, तेव्हा मला तुमच्या साखरेची काळजी आधीच आहे.

सेलँकचं प्रकरण थोडं वेगळं आहे, त्याला मी थोतांड म्हणणार नाही. मॉस्कोतल्या रशियन विज्ञान अकादमीच्या आण्विक जनुकशास्त्र संस्थेत ते तयार झालं. शरीरातल्या टफ्टसिन नावाच्या चिमुकल्या पेप्टाइडला शेपूट जोडून सात अमिनो आम्लांचं केलेलं. रशियात ते चिंतेवर वापरतात. पण त्यामागचा पुरावा म्हणजे छोटे, थोड्या आठवड्यांचे अभ्यास. सर्वांत जास्त दाखला दिला जातो तो साठेक रुग्णांचा, ज्यात त्याची तुलना जुन्या पद्धतीच्या एका झोप-शांततेच्या गोळीशी केली, खोट्या औषधाशी नाही. चिंतेच्या रुग्णांना काहीही आपुलकीने दिलं तरी बऱ्याच जणांना बरं वाटतं, म्हणून खोट्या औषधाशी तुलना लागते. रशियाबाहेर कुणी ते मोठ्या प्रमाणावर पुन्हा करून पाहिलेलं नाही. त्याचं भावंड सेमॅक्स एसीटीएचच्या तुकड्यापासून केलेलं आहे, म्हणून त्याला 'कॉर्टिसॉल संतुलित करणारं' म्हणतात. त्या तुकड्यात अ‍ॅड्रिनलला हलवायची ताकदच ठेवलेली नाही.

बीपीसी-१५७ उंदरांच्या जखमांवर चांगलं काम करतं असं क्रोएशियातल्या झाग्रेबच्या एका गटाने वर्षानुवर्षं छापलं आहे. माणसांवरचा पुरावा अगदी तुटपुंजा, ताणाशी संबंध त्याहून कमी. खेळाडूंना ते २०२२ पासून बंदी घातलेल्या यादीत आहे. झोपेसाठी डीएसआयपी नावाचं एक विकतात, तेही कानावर येईल. स्वित्झर्लंडमधल्या बासेलला १९७७ मध्ये सशांच्या रक्तातून ते वेगळं केलं, आणि एवढ्या वर्षांत ते बनवणारं जनुक कुणाला सापडलेलं नाही, म्हणजे शरीर ते खरंच बनवतं का हेही नक्की नाही. एवढं पुरे.

ऑक्सिटोसिन या आणखी एका पेप्टाइडबद्दलही कुणीतरी विचारेलच, कारण नाकातल्या ऑक्सिटोसिनने ताणाच्या परीक्षेत कॉर्टिसॉल कमी वाढतं असं २००३ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. त्यात ३७ निरोगी पुरुष होते, आणि सर्वांत कमी कॉर्टिसॉल त्यांचं वाढलं ज्यांच्याबरोबर जवळचा मित्रही बसला होता. पुढच्या प्रयोगांत निकाल कधी असा, कधी तसा.

भारतात सेलँक, इपामोरेलिन, बीपीसी-१५७ यांतल्या कशालाही औषध म्हणून मंजुरी नाही. म्हणून कुपीवर 'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ आत काय आहे, किती आहे, जंतुविरहित आहे का, याची जबाबदारी कुणावरच नाही. केमिस्टकडून घेतलेली गोळी बिघडली तर एफडीएकडे तक्रार करता येते, बॅच नंबर असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून अंधेरी स्टेशनबाहेर हातात दिलेल्या कुपीची तक्रार कुणाकडे करणार?

आणि एक गोष्ट, जी ट्रेनरला बहुधा ठाऊकच नसते. हे पेप्टाइड पावडर म्हणून येतं, पाणी घालून विरघळवायचं आणि इन्सुलिनच्या सिरिंजने घ्यायचं. डोसाचे हिशेब परदेशी तक्त्यांतून उचललेले असतात आणि तिकडची सिरिंज १०० ची, म्हणजे तिच्यात १०० युनिट म्हणजे १ मिलिलिटर. आपल्याकडे ४० चीही सर्रास मिळते, लाल टोपणाची, तिच्यात ४० युनिट म्हणजे १ मिलिलिटर. नारिंगी टोपणाची १०० ची. समजा ५ मिलिग्रॅमच्या कुपीत २ मिलिलिटर पाणी घातलं आणि '१० युनिट' घ्यायचं ठरलं. नारिंगी सिरिंजने २५० मायक्रोग्रॅम जातील, लाल सिरिंजने ६२५. अडीच पट. मधुमेहाच्या रुग्णाला हा फरक आम्ही सिरिंज हातात धरून समजावतो, कारण इन्सुलिनमध्ये अशी चूक जिवावर बेतते. जिमच्या लॉकर रूममध्ये तो कोण समजावतं मला माहीत नाही.

कॉर्टिसॉलची खरीखुरी गडबड मी मुंबईत रोज बघतो, पण ती स्ट्रेसची नसते, स्टेरॉइडची असते. पावसाळ्यात जांघेत नायटा होतो, केमिस्ट तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब देतो, त्यात क्लोबेटासॉल हे जोरदार स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, मग ती ट्यूब वर्षभर चालते. गोरेपणाच्या क्रीममध्ये मोमेटासोन, तेही स्टेरॉइडच. गुडघेदुखीवर कुणा बाबाची पुडी, तीन दिवसांत आजी जिना चढायला लागतात आणि सहा महिन्यांत चेहरा गोल होतो. अशा माणसाकडे बघून वाटतं कॉर्टिसॉल भरपूर वाढलंय, आणि सकाळचा रिपोर्ट येतो २ चा. कारण बाहेरच्या स्टेरॉइडने त्याची स्वतःची ग्रंथी झोपवलेली असते आणि ते बाहेरचं स्टेरॉइड लॅबच्या मोजणीत बहुधा येतच नाही. मग घरचे कुणीतरी सांगतात 'ते बंद कर', तो एका दिवसात बंद करतो, आणि पुढच्या तापात उलट्या, बीपी खाली, घेरी, थेट आयसीयू. सकाळचं कॉर्टिसॉल ३ च्या खाली असेल तर तो आकडा मला तुमच्या २१.६ पेक्षा कितीतरी जास्त घाबरवतो. आपल्याकडे टीबीसुद्धा अ‍ॅड्रिनल खातो, हेही लक्षात असू द्यावं. तेव्हा घरात कुणी अशी क्रीम किंवा पुडी वापरत असेल तर एकदम थांबवू नका, दाखवायला आणा.

मग तुमच्या थकव्याचं काय? तो खरा आहे, आणि त्याची कारणं मला तुमच्या प्रश्नातच दिसतात. मी आधी तुमच्या बायकोला विचारेन की तुम्ही घोरता का, मध्येच श्वास अडकतो का. शर्टाची कॉलर १६ च्या वर असेल आणि उत्तर हो असेल, तर झोपेची तपासणी करा, ती आता घरी मशीन लावूनही होते. श्वास अडकणाऱ्याची झोप आठ तास झाली तरी झोप नसते, आणि चिडचिड, पोट, बीपी हे सगळं त्याच्यामागे येतं. याचं निदान होऊन झोपेत श्वास अडकू न देणारं मशीन लावलेल्या माणसांमध्ये जो फरक मी बघितलाय तो कुठल्या स्प्रेने येईल असं वाटत नाही.

दुसरं, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, हिमोग्लोबिन, आणि दोन्ही दंडांचं बीपी. तुमच्या पॅकेजात हे आकडे बहुतेक आहेतच, पण लाल दिसला नाही म्हणून तुम्ही तिकडे बघितलं नसेल. एचबीए१सी ५.७ ते ६.४ मध्ये असेल तर तिथेच कामाला लागायचं. कंबर ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर नक्कीच.

झोपेचं सांगतो ते ऐकायला सोपं, करायला कठीण. कॉल दीडला संपतो हे बदलता येत नसेल तर तसं गृहीत धरा, पण मग झोप दोन ते साडेआठ अशी ठरवा आणि रविवारीही तीच ठेवा. आज दोनला, उद्या अकराला, परवा पुन्हा दोनला असं केलंत तर शरीराला सकाळ कुठली तेच कळत नाही. खिडकीला जाड पडदा. रात्री नऊनंतर चहा-कॉफी नाही, कारण त्यातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच तास घेतं. कॉल संपल्यावर 'रिलॅक्स' व्हायला दोन पेग घेत असाल तर ते झोप आणतात आणि पहाटे चारला तीच मोडतात, घोरणंही वाढवतात. व्यायाम सोडू नका, फक्त रात्री अकराला जिमला जाऊ नका.

अश्वगंधेबद्दल विचारतात म्हणून: छोट्या चाचण्यांमध्ये कॉर्टिसॉल थोडं उतरलेलं दिसतं, चिंता थोडी कमी होते. पण यकृताला इजा झाल्याचे प्रकारही नोंदलेले आहेत आणि थायरॉइड जास्त असणाऱ्यांनी ती टाळावी. महिना-दोन महिने घेऊन बघणाऱ्याला मी अडवत नाही, यकृताची एलएफटी तपासणी करून घ्या एवढंच म्हणतो.

आणि हे सगळं करूनही सकाळी उठावंसंच वाटत नसेल, आवडीच्या गोष्टीत मन लागत नसेल, डोक्यात नको ते विचार येत असतील, तर तो मानसोपचारतज्ज्ञाचा विषय आहे, हार्मोनचा नाही. केईएम, सायन, नायर, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तीन महिन्यांच्या पेप्टाइडला जेवढे पैसे जातात त्यात चांगल्या समुपदेशकाची कित्येक सत्रं होतात.

कोर्स आधीच चालू केला असेल तर स्प्रे आणि इंजेक्शन थांबवा, या तीन वस्तूंना हळूहळू कमी करत जायची गरज नाही. टोचलेल्या जागी लाली, गरमपणा किंवा गाठ असेल तर त्याच दिवशी दाखवा. ओपीडीत येताना कुपीचा फोटो, केसांची गोळी, घरातल्या सगळ्या ट्यूब आणि मलमं एका पिशवीत घालून आणा. बायकोलाही बरोबर आणलंत तर उत्तम, घोरण्याबद्दल तुमच्यापेक्षा खरं उत्तर त्याच देतील.